लोड ‘टीएनडी’ आल्यावर

1 एप्रिल 2004 रोजी देशातल्या आठ सरकारी रुग्णालयांत एचआयव्हीवरची औषधं मोफत मिळू लागली. मुंबईचं जे. जे. रुग्णालय त्यांतलं एक. सुरुवातीच्या वर्षांत तिथे नाव नोंदवलेली माणसं बहुतेक ऐन उमेदीतली होती. कुणाला टीबीने पोखरलेलं, कुणाला घरच्यांनी अक्षरशः उचलून आणलेलं. त्यांना सांगितलं जायचं ते एवढंच : गोळी चुकवू नका, चांगलं खा, वजन वाढवा. त्यांनी ते ऐकलं. ती जगली, कामावर परतली, मुलांची लग्नं करून मोकळी झाली. आज ती पन्नाशी-साठीत आहेत. त्यांच्या कागदावर ‘व्हायरल लोड : टीएनडी’ असं येतं, म्हणजे रक्तात विषाणू सापडत नाही. आणि त्याच माणसांना आता जिना चढताना दम लागतो, उपाशीपोटी साखर दोनशेच्या घरात निघते, छातीत आवळून येतं. ज्या पुस्तकाची ही प्रस्तावना आहे ते त्यांच्यासाठी आहे, आणि त्यांना रोज तपासणाऱ्या माझ्यासारख्या साध्या फॅमिली डॉक्टरांसाठीही.

माझा दवाखाना नायगावात आहे. भाईंदर सुटलं की गाडी खाडीवर येते, मध्ये पाणजू बेट दिसतं, आणि खाडी संपली की नायगाव. पश्चिमेला कोळीवाडा आणि मिठागरं, पूर्वेला जूचंद्रच्या बाजूने गेल्या काही वर्षांत उभे राहिलेले टॉवर. इथली निम्मी वस्ती मुंबईतून सरकत सरकत आलेली आहे. गिरण्या बंद पडल्यावर लालबाग-परळची खोली विकून नालासोपारा, विरार, नायगाव असा प्रवास केलेली कितीतरी कुटुंबं माझ्याकडे येतात. त्यांच्यातल्या ज्यांना एचआयव्ही आहे, त्यांचं नाव अजूनही जुन्या ठिकाणीच लागलेलं असतं : केईएम, नायर, सायन, जे. जे. जवळच्या केंद्रात बदली करून मिळते, हे त्यांना माहीत असतं. तरी ती करून घेत नाहीत. वसईत रांगेत ओळखीचं कुणी भेटलं तर? त्यापेक्षा खाडा परवडला, तिकिटाचे पैसे परवडले. परिणाम असा की गोळी देणारा डॉक्टर दादर-परळला बसतो, ब्लडप्रेशर मोजणारा नायगावात, आणि दोघांना एकमेकांचा कागद दिसत नाही. गोळीच्या दूरच्या परिणामांविषयी जे काही पुढे लिहितो आहे, ते याच अंतरात घडतं. म्हणून आधी ते सांगितलं.

एक उदाहरण जवळून बघू. पन्नाशीच्या एक बाई चेहरा सुजला म्हणून आल्या. गाल गोल, मानेखाली चरबीचा गोळा, दंडावर जरा धक्का लागला तरी काळंनिळं होत होतं. साखर वाढलेली, प्रेशर वाढलेलं. वर्षभरापूर्वी यातलं काहीच नव्हतं. कुठल्या गोळ्या चालू आहेत विचारलं तर “शक्तीच्या” म्हणाल्या. पुन्हा विचारलं. मग दाराकडे एकदा बघून त्यांनी पर्समधून बाटली काढली. तिचं लेबल नखाने खरवडून काढलेलं होतं आणि आत कापूस दाबून बसवलेला, गाडीत गोळ्या वाजू नयेत म्हणून. “डॉक्टर, माझा लोड तर टीएनडी आलाय. मग हे परत वर आलं का?” वर काहीच आलं नव्हतं. त्यांच्या उपचारात रिटोनाविर होतं, आणि गुडघेदुखीसाठी कुणीतरी त्यांना दोनदा स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं होतं. रिटोनाविर यकृतातल्या विकरांना असं रोखून धरतं की काही स्टेरॉइड शरीराबाहेर पडतच नाहीत. आठवड्यात ओसरायचं औषध महिनोन्‌महिने अंगात राहतं. इंजेक्शन देणाऱ्याला गोळीची कल्पना नव्हती आणि एचआयव्हीची औषधं देणाऱ्या एआरटी केंद्राला गुडघ्याची. मी चिठ्ठी लिहून दिली, केंद्रातल्या डॉक्टरांनी पुढचं पाहिलं, सूज उतरायला काही महिने गेले.

गोळीच्या दूरच्या परिणामांच्या या विषयाची सुरुवात मात्र नायगावपासून फार लांब झाली. एचआयव्हीवरचं पहिलं औषध, झिडोव्ह्युडिन, 1987 मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. एकट्या औषधाने विषाणू फार काळ दबत नाही, हे लवकरच उमगलं. 1995-96 मध्ये प्रोटीएज इनहिबिटर गटातली औषधं आली, तीन औषधं एकत्र द्यायची पद्धत रूढ झाली आणि वॉर्ड रिकामे होऊ लागले. पण दोन वर्षांतच सिडनीच्या अँड्र्यू कार, डेव्हिड कूपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक विचित्र चित्र नोंदवलं : ही औषधं घेणाऱ्यांचे गाल आणि हातपाय वाळतात, पोट सुटतं, रक्तातली चरबी वाढते आणि इन्शुलिनचा परिणाम कमी होतो. 1998 चा तो निबंध या साऱ्या अभ्यासाचं मूळ मानला जातो. त्याआधी मृत्यू इतका जवळ होता की कोलेस्टेरॉलचा विचार कुणी करत नव्हतं, आणि ते रास्तच होतं.

आपल्याकडे गोष्ट वेगळ्या रस्त्याने आली. या तीन औषधांसाठी वर्षाला दहा-पंधरा हजार डॉलर मोजायची ऐपत इथे कुणाची होती? फेब्रुवारी 2001 मध्ये सिप्लाच्या युसूफ हमीद यांनी तीन औषधांचा वर्षाचा पुरवठा ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ला 350 डॉलरमध्ये द्यायची तयारी दाखवली आणि जगाचं गणित बदललं. मुंबईच्या या कंपनीने आफ्रिकेतल्या आणि भारतातल्या लाखो लोकांना जगवलं, याचा मराठी वाचकाला अभिमान वाटायला हवा. मात्र त्या स्वस्त गोळीत स्टॅव्ह्युडिन होतं. 2004 मध्ये सरकारी कार्यक्रम सुरू झाला तेव्हाही बहुतेकांना स्टॅव्ह्युडिन किंवा झिडोव्ह्युडिन, सोबत लॅमिव्ह्युडिन आणि नेव्हिरापिन, हेच मिळालं.

स्टॅव्ह्युडिनबद्दल थोडं थांबून बोललं पाहिजे, कारण त्याचे व्रण अजून माणसांच्या चेहऱ्यावर आहेत. हे औषध विषाणूला अडवतं, तसंच आपल्या पेशींतल्या मायटोकाँड्रियांनाही इजा करतं. पेशीची ऊर्जा जिथे तयार होते ती यंत्रणाच आजारी पडते. तळपायांची आग, मुंग्या, क्वचित रक्तात लॅक्टिक आम्ल साठून जीव जाणं, आणि चेहऱ्यावरची चरबी विरघळून गालांत खळगे पडणं. पुण्यात डॉ. संजय पुजारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005 मध्ये पश्चिम भारतातल्या रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा ही परदेशी पाठ्यपुस्तकातली गोष्ट नसून आपल्या ओपीडीतली आहे, हे आकड्यांनिशी पुढे आलं. औषधाने जीव वाचला आणि औषधानेच चेहरा उघडा पाडला. गावाकडे नुसत्या गालांवरून लोक ओळखायचे. काहींनी त्या भीतीने गोळी सोडली. त्यातले बरेच आज नाहीत. 2009 च्या नोव्हेंबरमध्ये जागतिक आरोग्य संघटनेने स्टॅव्ह्युडिन हळूहळू बंद करा असं सांगितलं आणि पुढच्या काही वर्षांत आपल्याकडूनही ते गेलं. ज्यांनी ते पाच-सहा वर्षं घेतलं, त्यांचे गाल मात्र पूर्ववत झाले नाहीत. हातापायांची गेलेली चरबी पुरती परत येत नाही आणि पोटातली सहज जात नाही. आज साखर आणि हृदयाचा त्रास घेऊन येणारे जुने रुग्ण बघताना त्यांनी पूर्वी कोणती गोळी घेतली, हे विचारावंच लागतं.

त्यानंतरचा टप्पा टेनोफोविर, लॅमिव्ह्युडिन आणि एफाविरेन्झचा. दिवसाला एक गोळी. एफाविरेन्झने गरगरायचं, भलतीसलती स्वप्नं पडायची, कोलेस्टेरॉलही काहीसं वाढायचं. पण मायटोकाँड्रियांचा तो संहार थांबला. 2017 मध्ये ‘सीडीफोर, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशींची संख्या, कितीही असो, निदान झालं की उपचार’ हे धोरण आलं आणि 2020-21 च्या सुमारास एफाविरेन्झच्या जागी डोलुटेग्राविर आलं. हीच आजची टीएलडी. देशात आज सुमारे 25 लाख लोक एचआयव्हीसह जगतात आणि संख्येने महाराष्ट्र सर्व राज्यांत पुढे आहे. त्यांच्यातल्या बहुतेकांच्या उशाशी रात्री हीच गोळी असते. ती प्रभावी आहे, सोसायला सोपी आहे, विषाणूला तिच्यापुढे सहजी वाट सापडत नाही. फक्त वजनाचा प्रश्न तिच्यासोबत आला.

इथून पुढे विषय वादाचा होतो, आणि नव्या वाचकाने तो वाद समजून घ्यावा असं मला वाटतं. एचआयव्ही असलेल्या माणसाला हार्ट अटॅकचा धोका इतरांपेक्षा साधारण दीड ते दोन पट असतो, हे जगभरच्या अभ्यासांतून वारंवार दिसलं आहे. का, यावर मात्र विचारांचे निरनिराळे प्रवाह आहेत.

पहिला प्रवाह औषधांकडे बोट दाखवतो. त्याचा मोठा आधार ‘डी:ए:डी’ हा 1999 मध्ये सुरू झालेला, कोपनहेगनहून चालवलेला अभ्यास. तेवीस हजारांवर रुग्णांच्या नोंदींवरून 2003 मध्ये त्यांनी दाखवलं की उपचाराच्या दर वर्षागणिक हार्ट अटॅकचा सापेक्ष धोका 26 टक्क्यांनी वाढतो. पुढे दोष मुख्यतः जुन्या प्रोटीएज इनहिबिटरांकडे आणि 2008 मध्ये अबॅकाविरकडे गेला. टक्केवारी ऐकून घाबरायला होतं. मुळात तरुण माणसांत अटॅक विरळाच, त्यामुळे प्रत्यक्ष संख्या लहान होती. पण बातमी पसरली ती ‘गोळीने हार्ट अटॅक येतो’ अशीच. आजही माझ्याकडे येणाऱ्यांतले काही तेच वाक्य म्हणतात.

त्या वाक्याला उत्तर दिलं ‘स्मार्ट’ या चाचणीने. 33 देशांतल्या 5472 लोकांना दोन गटांत विभागलं. एका गटाने औषध अखंड घेतलं. दुसऱ्या गटाने सीडीफोर चांगलं असेल तेव्हा थांबायचं, घसरलं की पुन्हा सुरू करायचं. कल्पना चांगलीच होती : औषध कमी तर दुष्परिणाम कमी. जानेवारी 2006 मध्ये चाचणी मध्येच थांबवावी लागली, कारण औषध थांबवणाऱ्यांत संधिसाधू आजार आणि मृत्यू अडीच पटींहून जास्त झाले, आणि जे टाळण्यासाठी हा खटाटोप केला ते हृदयाचे, मूत्रपिंडाचे, यकृताचे गंभीर आजारसुद्धा वाढले. म्हणजे हृदयाला जास्त त्रास मोकाट सुटलेल्या विषाणूचा. या पुस्तकातली एकच गोष्ट कुणी लक्षात ठेवणार असेल, तर ती ही ठेवावी. गोळी सोडून हृदय वाचत नाही.

स्मार्टमधून दुसरा प्रवाह बळकट झाला, तो दाहाचा. एचआयव्हीचा संसर्ग झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच आतड्याच्या अस्तरातल्या सीडीफोर पेशींचा फडशा पडतो. अस्तराची राखण ढिली पडते, जंतूंचे अंश रक्तात झिरपत राहतात आणि प्रतिकारशक्ती कायम डिवचलेली राहते. औषधाने आग विझते, निखारे मात्र राखेखाली धुमसत असतात. त्या धगीने रक्तवाहिन्यांच्या आतल्या भिंतीत चरबीचे मऊ थर बसतात, जे कठीण थरांपेक्षा लवकर फुटतात. म्हणूनच कोलेस्टेरॉल बेताचं, वजन बेताचं, तरी अटॅक, असं घडतं. लोड टीएनडी आला याचा अर्थ रक्तात विषाणू मोजता येण्याइतका उरलेला नाही. या धगीबद्दल तो कागद काहीच सांगत नाही.

तिसरा प्रवाह म्हणतो, इतकं खोल जाऊ नका. तंबाखू, प्रेशर, साखर आणि वय आधी बघा. मी स्वतः या प्रवाहाच्या बराच जवळ आहे, कारण नायगावात मला दिसतं ते हेच. तरुण पोरं तंबाखू मळत गाडीला लटकतात. बायका मिश्री लावतात आणि ‘तंबाखू खाता का’ विचारलं तर मनापासून नाही म्हणतात, कारण त्यांच्या लेखी मिश्री म्हणजे दात घासणं. जेवणात सुकं, लोणचं, पापड. मीठ किती पोटात जातं याचा हिशेब नाही. पहाटेची गाडी, रात्रीची परत, झोप पाच तास. एचआयव्ही नसलेल्यांनाही हे सगळं भोवतंच, असलेल्यांना लवकर भोवतं.

आणि त्यात आपल्या शरीराची मूळ ठेवण. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 2004 मध्ये लॅन्सेटमध्ये स्वतःचा आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी शेजारी छापला होता. दोघांचा बीएमआय तंतोतंत सारखा, 22.3. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2. दिसायला सडपातळ, आतून चरबीयुक्त असा आपला बांधा त्या एका चित्राने जगाला समजावला. म्हणून आपल्याकडे बीएमआय 23 पासूनच वजन जास्त धरतात, आणि कमरेचा घेर पुरुषांत 90 सेंटिमीटर, बायकांत 80 ही मर्यादा मानतात. आता या बांध्यावर आधी स्टॅव्ह्युडिन आणि नंतर वजन वाढवणारी गोळी आली, तर काय होईल याचा अंदाज युरोपातल्या तक्त्यांवरून कसा बांधणार? हार्ट अटॅकचा दहा वर्षांतला धोका सांगणारी बहुतेक कोष्टकं गोऱ्या लोकांच्या नोंदींवर बेतलेली आहेत आणि त्यांत एचआयव्हीचा रकाना नाही. माझ्या रुग्णाचा धोका ती दोन्हीकडून कमी दाखवतात.

वजनाच्या वादाकडे या पार्श्वभूमीवर बघावं. दक्षिण आफ्रिकेतल्या ‘अ‍ॅडव्हान्स’ चाचणीत 48 आठवड्यांनी डोलुटेग्राविरसोबत टेनोफोविरचा नवा प्रकार, म्हणजे टीएएफ, घेणाऱ्यांचं वजन सरासरी 6 किलोच्या वर वाढलं, जुना प्रकार टीडीएफ घेणाऱ्यांचं 3 किलोच्या आसपास, आणि एफाविरेन्झवाल्यांचं दोन किलोंच्या आत. बायकांमध्ये वाढ जास्त. आता डोलुटेग्राविर वजन वाढवतं, की एफाविरेन्झ आणि टीडीएफ वजन दाबून ठेवतात, हे ठामपणे सुटलेलं नाही. काही वाढ ही आजारातून बरं होण्याचीच असते. खंगलेल्या माणसाचं अंग भरलं तर तो आनंदच, आणि आमच्या लोकांत तर अंग भरणं म्हणजेच बरं होणं. वाईट वाटतं ते याचं की ‘वजन वाढवा’ या सल्ल्याला कुणी कधी शेवटची तारीख दिली नाही. ज्या बाईला 2006 मध्ये रोज दोन अंडी आणि तूप खायला सांगितलं, ती आजही तेच निष्ठेने खाते आहे.

टीएलडीत सध्या टीडीएफ असतं. ते कोलेस्टेरॉल किंचित कमी ठेवतं, पण मूत्रपिंड आणि हाडांवर नजर ठेवायला लावतं. टीएएफ मूत्रपिंडाला सौम्य, वजनाला आणि चरबीला वाईट. निर्दोष असं औषध इथे नाही. माणूस बघून निवड करावी लागते.

चौथा प्रवाह डॉक्टरी पुस्तकांत कमी आणि चळवळीतल्या माणसांच्या बोलण्यात जास्त सापडतो. तो म्हणतो, हृदय बिघडतं त्यात व्यवस्थेचाही वाटा आहे. एचआयव्हीची रांग वेगळी, साखर-प्रेशरची वेगळी, त्यांची रजिस्टरं वेगळी. गोळी मोफत, पण कोलेस्टेरॉलची तपासणी अनेकदा खिशातून. 2022 च्या उन्हाळ्यानंतर दिल्लीत नॅको या सरकारी एड्स नियंत्रण संस्थेच्या दारात एचआयव्हीग्रस्तांनी गोळ्यांच्या तुटवड्याविरुद्ध धरणं धरलं. ज्याला महिन्याची गोळी मिळेल की नाही याची धास्ती आहे, त्याला मी लिपिड प्रोफाइलचं काय सांगू? ‘पॉझिटिव्ह’ असा शेरा दिसला की अँजिओग्राफीची तारीख पुढे ढकलली जाते, असं सांगणारे रुग्ण मला भेटले आहेत. 10 सप्टेंबर 2018 पासून लागू झालेला एचआयव्ही कायदा असा भेदभाव बेकायदा ठरवतो आणि माणसाच्या संमतीशिवाय त्याची माहिती फोडायलाही मनाई करतो. हा कायदा किती दवाखान्यांच्या भिंतीवर लागला आहे, हे वाचकांनी आपापल्या गावात बघावं. या प्रवाहाशी मी पूर्ण सहमत आहे, आणि त्याच्याकडे उपायांची सर्वांत लांब यादी आहे असंही मला वाटतं.

गेल्या काही वर्षांतली सर्वांत आशेची बातमी म्हणजे ‘रिप्रीव्ह’ ही चाचणी. 12 देश, 7769 माणसं, वय 40 ते 75, सगळे एचआयव्हीचं औषध घेणारे आणि हृदयविकाराचा धोका कमी ते मध्यम असलेले, म्हणजे एरवी ज्यांना कुणी कोलेस्टेरॉल उतरवणारं स्टॅटिन लिहून दिलं नसतं असे. भारतातलेही रुग्ण त्यात होते. निम्म्यांना रोज 4 मिलिग्रॅम पिटाव्हास्टॅटिन, निम्म्यांना बिनऔषधाची गोळी. 2023 मध्ये निकाल आला : हार्ट अटॅक, पक्षाघात यांसारख्या मोठ्या घटना 35 टक्क्यांनी कमी. त्याच चाचणीत स्टॅटिन घेणाऱ्यांत मधुमेह थोडा जास्त निघाला, आणि एक घटना टाळायला शंभराच्या वर लोकांना पाच वर्षं गोळी द्यावी लागली, हेही सांगितलं पाहिजे. तरी एवढ्या स्वस्त गटातल्या औषधाने एवढा फरक पडत असेल, तर चाळिशीपुढच्या प्रत्येक एचआयव्ही रुग्णाशी हे बोलणं व्हायला हवं. आपल्या मोफत औषधांच्या यादीत त्याचा विचार व्हावा, हे माझं मत मी इथे स्पष्टपणे नोंदवतो.

फक्त औषधांचं एकमेकांशी जमतंय का ते बघून. रिटोनाविर चालू असताना सिम्व्हास्टॅटिन देऊच नये, स्नायू विरघळून मूत्रपिंड बंद पडू शकतं. अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन, रोसुव्हास्टॅटिन कमी मात्रेत. रक्ताची गुठळी रोखणारं क्लोपिडोग्रेल रिटोनाविरसोबत नीट काम करत नाही, म्हणजे स्टेंट घातलेल्या माणसाला धोका. अ‍ॅम्लोडिपिनचा परिणाम वाढतो, पाय सुजतात. डोलुटेग्राविरसोबत मधुमेहाच्या मेटफॉर्मिनचं रक्तातलं प्रमाण वाढतं, म्हणून दिवसाला 1000 मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये. कॅल्शियम, लोह किंवा अ‍ॅसिडिटीचं पातळ औषध डोलुटेग्राविरच्या जोडीने उपाशीपोटी घेतलं, तर डोलुटेग्राविर नीट शोषलं जात नाही. डोलुटेग्राविर त्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यावं. यातली एकही गोष्ट अवघड नाही. पण समोरच्या माणसाची रात्रीची गोळी कोणती, हे मला कळलं तरच यातलं काही करता येतं.

दोन समूहांबद्दल अजून फार थोडं लिहिलं गेलं आहे, म्हणून इथे मुद्दाम सांगतो. एक बायका. नवऱ्याकडून संसर्ग झालेल्या, तरुणपणी विधवा झालेल्या, वीस वर्षं घरकाम करून किंवा वसईच्या औद्योगिक गाळ्यांत पॅकिंग करून मुलं वाढवलेल्या. पाळी जाते तेव्हा त्यांच्या हृदयाचं उरलेलं संरक्षणही जातं, आणि छातीतली जळजळ ‘पित्त’ म्हणून खपून जाते. दुसरा समूह जन्मतःच एचआयव्ही असलेल्या मुलांचा. 2006 पासून मुलांसाठी सरकारी औषधं नीट मिळू लागली आणि ती मुलं आज विशीत आहेत. ती शाळेत जायच्या आधीपासून या गोळ्या घेत आहेत. त्यांच्या रक्तवाहिन्यांनी चाळीस वर्षांचं औषध पचवल्यावर काय होतं, हे जगात अजून कुणी पाहिलेलं नाही. ती मुलं पहिल्या पिढीतली आहेत.

हे पुस्तक एका एआरटी केंद्रातल्या डॉक्टरांनी, एका समुपदेशक बाईंनी आणि स्वतः ही औषधं घेणाऱ्या काही जणांनी मिळून लिहिलं आहे. त्यांनी माझ्याकडे प्रस्तावना मागितली ती मी तज्ज्ञ आहे म्हणून नव्हे, तर खाडीच्या या बाजूला बसून रुग्ण तपासतो म्हणून. हस्तलिखित वाचताना मला दोन गोष्टी आवडल्या. भीती घालून तपासणी करायला लावणं त्यांनी पूर्ण टाळलं आहे. आणि खर्चाचा विचार प्रत्येक ठिकाणी केला आहे : वर्षातून एकदा काय परवडेल, तीन महिन्यांनी काय, आणि पैसे मुळीच नसतील तर निदान मोजपट्टीने कंबर आणि यंत्राने प्रेशर. एका बाबतीत माझा लेखकांशी मतभेद आहे. आहाराच्या भागात त्यांनी सुक्या मासळीवर जरा जास्तच रोष धरला आहे. नायगाव-पाणजूच्या माणसाला बोंबील सोडा म्हणणं व्यर्थ आहे. तो धुऊन, भिजवून, मीठ उतरवून कसा करायचा, हे सांगितलं असतं तर घरोघरी ऐकलं गेलं असतं. लेखकांनी पुढच्या आवृत्तीत तसं करायचं मान्य केलं आहे.

पुस्तकाचं शेवटचं पान कापून खिशात ठेवण्यासारखं आहे. त्यावर चालू औषधांची नावं, मात्रा, गोळीची वेळ, पूर्वी घेतलेली औषधं, शेवटचं प्रेशर, साखर, कोलेस्टेरॉल, क्रिएटिनिन आणि कमरेचा घेर लिहायला रकाने आहेत. आजाराचं नाव लिहायला रकाना मुद्दाम ठेवलेला नाही. कुठल्याही दवाखान्यात तो कागद पुढे केला, तर जाणत्या डॉक्टरला औषधांच्या नावांवरून हवं ते कळेल आणि शेजारी बसलेल्या माणसाला काही कळणार नाही. गुडघ्याचं इंजेक्शन, दम्याचा पंप, पित्ताची गोळी, दाताचं काम, काहीही करून घेण्याआधी तो दाखवावा. माझ्या दवाखान्यात त्याच्या प्रती ठेवल्या आहेत. पुस्तक विकत न घेताही त्या मिळतील.